शेंडगेबाईंना सांगायचं राहिलं ते

रविवारची दुपार. जेवणं झाली आहेत. पलीकडच्या खोलीत जयमाला मशीनवर उशांचे अभ्रे शिवते आहे आणि मी पलंगावर आडवी झाले आहे. झोपायचं नाही असं मी स्वतःला बजावते, कारण दुपारी झोपलं की संध्याकाळी माझं डोकं धरतं. मशीनचा आवाज थोडा वेळ येतो, थांबतो, पुन्हा येतो. मध्ये जयमाला दोरा तोडते तेसुद्धा ऐकू येतं. पापण्या जड होतात. मशीन पुन्हा सुरू होतं आणि या वेळी ते थांबत नाही, नुसतं सावकाश होत जातं. ठप्. ठप्. ठप्.

हा शिवणाचा आवाज नाही. वाचनालयातल्या तारखेच्या शिक्क्याचा आहे.

मी डोळे न उघडताच बघते. आमच्या गावच्या वाचनालयाचं ते लांब लाकडी काउंटर, आणि त्याच्यामागे शेंडगेबाई. निळ्या काठाची पांढरी साडी, चष्म्याला दोरी. त्या शिक्का मारतात, पुस्तक बाजूला ठेवतात, दुसरं घेतात. रांगेत मी एकटीच आहे.

बाई या मार्चमध्ये गेल्या. मला कळलं एप्रिलात. चुलतभावाने फोनवर दुसरंच काही बोलता बोलता सांगितलं, "ती तुमची लायब्ररीवाली गेली बघ." झोपेतही मला हे स्पष्ट आठवतं. त्यांनाही ठाऊक असावं, पण त्याचं त्यांना काही विशेष वाटत नसावं.

"उज्ज्वला," त्या मान वर न करता म्हणतात. "लई दिवसांनी."

"हो बाई."

"किती राहिलंय तुझ्याकडं?"

"काहीच नाही. सगळी पुस्तकं आणून दिली होती मी."

"पुस्तकं दिलीस," शिक्का खाली ठेवून त्या माझ्याकडे बघतात. "सांगितलं कुठं?"

हे सांगण्याचं काय, ते आधी सांगायला हवं. आमचं गाव तालुक्याचं, सोलापूरकडचं. वाचनालयात मंगळवार आणि शुक्रवार दुपारी बायकांची वेळ असायची. मी चौदा वर्षांची असल्यापासून जायचे. पुस्तक परत केलं की दुसरं कुणी असतं तर शिक्का मारून मोकळं झालं असतं. शेंडगेबाई पुस्तक हातात धरून ठेवायच्या. म्हणायच्या, "पुस्तक कसं आहे ते नको सांगू. तुला काय झालं ते सांग." पहिल्यांदा मला काही सुचेना. त्या थांबल्या. मागे तिघी-चौघी उभ्या होत्या, तरी थांबल्या. शेवटी मी म्हणाले, "त्यात सारखे जेवायला बसतात, मला भूक लागली." मला वाटलं हसतील. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाल्या, "हां. हे खरं बोललीस." त्या दिवसापासून मी वाचायला लागले असं मी समजते. त्याआधी नुसती पानं उलटत होते.

"सांग आता," बाई म्हणतात. "सुरुवातीपासून."

आम्ही माझ्या पुण्यातल्या होस्टेलच्या ओट्यापाशी उभ्या आहोत, पण ओटा आईच्या स्वयंपाकघरातला आहे आणि कढईत काहीतरी शिजतं आहे. मला यात काही वावगं वाटत नाही.

"बायकांच्या कामाबद्दल लेख होते एका बाईचे," मी सांगते. "चोविसाव्या वर्षी वाचले. घरात कोण कधी जेवतं, कोण कुठं बसून जेवतं, असं सगळं. दिवाळीत घरी गेले तर आई ओट्याशी उभी राहून जेवताना दिसली. जन्मभर बघत होते, पण दिसली त्या दिवशी."

"मग?"

"मग मी तिला हाताला धरून खाली बसवलं. ताट वाढलं. पंख्याखाली. दोन घास खाऊन उठली. म्हणाली, बसून घास उतरत नाही गं माझा."

बाई कढईतलं हलवतात.

"मला वाटलं होतं मी तिला काहीतरी देतेय," मी म्हणते.

"मग तू काय केलंस?"

"माझं ताट उचललं आणि ओट्याशी उभी राहून तिच्याबरोबर जेवले."

"हे पुस्तकात होतं?"

"नव्हतं."

"बरं," बाई म्हणतात आणि गॅस बारीक करतात. "पुढचं."

कवितांचं एक पुस्तक मी होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरून खाली फेकलं होतं. तेही सांगते. पेरूच्या झाडात अडकलं. मग तशीच अनवाणी खाली पळाले, चौकीदाराकडून काठी मागितली आणि ते काढलं.

"राग कसला एवढा?"

"जे मी कधीतरी लिहिणार होते ते त्या कवयित्रीनं आधीच लिहून ठेवलं होतं."

बाई हसतात. त्यांच्या पुढच्या एका दाताचा टवका उडालेला होता, तो मला आता आठवतो. जिवंतपणी शेवटी शेवटी मी तो पाहिला नव्हता, कारण मी त्यांच्या समोर जातच नव्हते.

एसटी हलते. आम्ही दोघी सीटवर आहोत, खिडकीतून उसाच्या गाड्या मागे पडतात. माझ्या मांडीवर ते आत्मचरित्र आहे. मुलगा म्हणून वाढवलेल्या आणि पुढे बाई म्हणून जगायला बाहेर पडलेल्या एकीचं. ते मी खरंच एसटीत वाचलं होतं. शेजारी एक म्हातारबुवा होते, टोपी, धोतर, मांडीवर पिशवी. थोड्या वेळाने लक्षात आलं की तेही वाचताहेत. माझ्या खांद्यावरून. आधी मी पुस्तक तिरकं केलं, त्यांना दिसू नये म्हणून. मग कुणास ठाऊक का, सरळ केलं. मग त्यांच्याकडे जरा कललेलंच धरलं. पान संपलं की मी थांबायचे. ते म्हणायचे, "हं. उलटा."

"खरं?" बाई विचारतात.

"खरं. इंदापूरला ते उतरले. उतरताना विचारलं, पुढं काय झालं तिचं? बाई, 'तिचं' म्हणाले. सगळ्या पुस्तकात तिला तसं म्हणणारी दोन माणसं होती. हे तिसरे."

बाई चष्मा काढून पुसतात. एसटीत कंडक्टर नाही, ड्रायव्हरही नाही, पण गाडी नीट चालली आहे.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"अजून वाचायचंय म्हणाले."

माझा पाय प्लॅस्टरमध्ये आहे. हे घर माझं जुनं, कोथरूडचं, एका खोलीचं. जयमाला पलंगाच्या कडेला बसून मला मोठ्याने वाचून दाखवते आहे, पण ती आम्हा दोघींना बघू शकत नाही. ती तेव्हाची आहे, केस आखूड, आवाज जरा बसलेला. पाय मोडला तेव्हा ती रोज संध्याकाळी शाळा सुटली की यायची. ती गणित शिकवायची. ती वाचत होती ती गोष्ट दोन म्हाताऱ्या पुरुषांची होती. एकत्र राहतात, भाजीवरून भांडतात, एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवतात. त्यात फार काही होत नाही.

"बघा हं बाई," मी म्हणते. "आता ती थांबेल."

जयमाला थांबते. पानात बोट ठेवून पुस्तक मिटते. छताकडे बघत म्हणते, "आपल्याला एकच गॅस कनेक्शन पुरेल, नाही का?"

बाईंना आधी कळत नाही. मग कळतं. त्या तोंडावर पदर धरतात आणि त्यांचे खांदे हलायला लागतात.

"अगं बाई! ही काय मागणी घालायची रीत?"

"तिची हीच. सतरा वर्षं झाली."

"आणि तुला काय झालं?"

"मला वाटलं, ही गोष्ट कुणाला तरी सांगायला पाहिजे. तेव्हा तुमची आठवण आली. प्रत्येक पुस्तकानंतर यायची. मी दुकानात जाऊन स्वतः पुस्तकं विकत घ्यायला लागले, तरी शेवटचं पान संपलं की वाटायचं, आता मंगळवारी बाईंना सांगू."

"आली नाहीस पण."

"नाही."

"गावातच तर राहायचे मी. टपाल कचेरीच्या मागं."

"माहीत होतं."

खोली लांबट होते आणि अंधारी. दोन्ही भिंतींना वर्तमानपत्रांचे गठ्ठे, सुतळीने बांधलेले. खिडकी नाही. ही वाचनालयाची मागची खोली. इथे जुन्या पेपरांच्या फायली लावायच्या असत. शेंडगेबाई नोकरीची शेवटची अकरा वर्षं या खोलीत होत्या, आणि त्या इथे माझ्यामुळे आल्या.

"ते सांग आता," त्या म्हणतात. स्टूल पुढे सरकवतात. "मिठागराचं."

मी एकोणीस वर्षांची होते. बाईंनी मला एक कादंबरी दिली, खाकी कव्हर घातलेली. मिठागरात काम करणाऱ्या दोन बायकांची. दोघी एका झोपडीत राहतात आणि हळूहळू एकमेकींच्या होतात. बाईंनी देताना एवढंच म्हटलं, "घरी वाच, घाई करू नको." मी ती गच्चीवर, कुरडया वाळत घातल्या होत्या त्यांच्या राखणीला बसून एका दुपारी वाचली. तीन दिवसांनी ती अण्णाकाकांच्या हाती लागली. ते वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर होते. पुस्तक एका पानावर उघडंच राहिलेलं होतं. त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, हे तुला कुणी दिलं. मी म्हणाले, बाईंनी. मला नको होतं. घाण आहे ते. मग काकांनी रेघांचा कागद पुढे केला आणि त्यांनी सांगितलं तसा मी अर्ज लिहिला. ग्रंथपाल मुलींना अश्लील पुस्तकं वाचायला देतात, सबब चौकशी व्हावी. खाली सही केली. पुढच्या महिन्यात काउंटरवर दुसरे गृहस्थ बसले. मी पुन्हा त्या इमारतीत पाऊल ठेवलं नाही. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. जयमालालाही नाही.

"मी अर्ज केला," मी म्हणते.

"वाचला मी. दाखवला मला त्यांनी. अक्षर ओळखलं." बाई एक गठ्ठा सोडतात, सुतळीची गाठ दाताने ओढून. "अर्जातलं नको सांगू. तुला काय झालं ते सांग."

अठ्ठावीस वर्षांनी मला बोलता येतं. स्वप्नात तरी.

"एक पान होतं. दोघी दिवसभर मीठ ओढून आल्यात. पायांना भेगा पडल्यात, भेगांमध्ये मीठ गेलंय. एक दुसरीचे पाय मांडीवर घेते आणि तळव्यांना तेल लावते. बोलत नाहीत. एवढंच पान आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कावळे येऊन कुरडया नेत होते, मला हाकलावंसं वाटेना. माझे कान गरम झाले, बाई. रडू आलं, पण दुःखाचं नव्हतं. मला वाटलं, अशी जागा आहे तर. जगात कुठंतरी आहे. म्हणजे माझं काही चुकलेलं नाही, मला फक्त तिथपर्यंत जायचंय."

"मग घाण का म्हणालीस?"

"काकांना तेच पान उघडं सापडलं होतं. ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, पुस्तकाला घाण म्हटलं तर मी स्वच्छ राहीन."

बाई गठ्ठ्यातले पेपर एकावर एक ठेवतात, कडा जुळवतात.

"तुम्हाला माझा राग आला होता?"

"आला होता की. चांगला वर्षभर. तू बाजारात दिसलीस तर मी दुसऱ्या बोळातनं जायचे. म्हणायचे, या पोरीच्या पुस्तकावर शिक्का मारायला वेळ लागला नसता, मी उगीच ऐकत बसले." त्या माझ्याकडे बघतात. "आणि एक सांगू? मीही ते पुस्तक तेव्हा पुरतं वाचलं नव्हतं. अर्धंच. तुझा अर्ज आला म्हणून पुरं वाचलं. एवढं काय आहे त्यात म्हणून."

मला हसू येतं.

"मग मला का दिलंत?"

"तू काय सांगायचीस ते ऐकायचे ना मी. पुस्तकात नवरा मरो, घर जळो, लढाई होवो, तू येऊन विचारायचीस, ती मैत्रीण पुढं कुठं गेली हो बाई? दर वेळी. आणि दर पुस्तकात मैत्रीण मध्येच कुठंतरी जायचीच. लग्न होऊन, नाहीतर मरून. मला वाटलं, या पोरीला एक असं पुस्तक द्यावं ज्यातनं मैत्रीण जात नाही."

मी त्यांच्या स्टुलापाशी खाली बसते. फरशी गार आहे. मला जे म्हणायचं आहे त्याला आमच्याकडे रोजच्या बोलण्यात शब्द नाही. आभार हा शब्द सभेतला.

"बाई, तुम्ही ते दिलंत म्हणून मी जगले," मी म्हणते. "बाकीची सगळी पुस्तकं मी त्याच्या पाठोपाठ वाचली. जयमाला मला त्यामुळे ओळखता आली. समोर आली तेव्हा मी घाबरले नाही. माझ्याजवळ जे काही बरं आहे ते तुमच्या काउंटरवरून आलंय."

मला वाटतं त्या म्हणतील, छे गं, मी काय केलं. सगळ्या तसंच म्हणतात. शेंडगेबाई तसं म्हणत नाहीत. त्या डोळे मिटून घेतात.

"परत म्हण," त्या म्हणतात.

मी परत म्हणते. सगळं, पहिल्यापासून.

"अकरा वर्षं या खोलीत कुणी हे म्हटलं नाही मला," बाई म्हणतात. "आणखी एकदा म्हण. मग जाऊ."

मी तिसऱ्यांदा म्हणते. या वेळी माझा आवाज नीट येतो. त्या ऐकत असताना त्यांचे ओठ हलतात, जसे पाठ करताना हलतात.

गठ्ठे पांढरे होतात. वर्तमानपत्रांच्या जागी मिठाच्या राशी आहेत, ऊन आहे, वारा आहे. मी आयुष्यात मिठागर पाहिलेलं नाही, पण हे तेच आहे. पाण्याच्या चौकटींमधून अरुंद बांध जातो, जेमतेम एक पाऊल मावेल एवढा. बाई पुढे, मी मागे. त्यांनी साडी घोट्यांच्या वर खोचली आहे आणि त्या भराभर चालतात. त्यांचं वय मला आता ओळखता येत नाही.

"तिला माहीत आहे का?" त्या मागे न बघता विचारतात. "गॅसवालीला?"

"अर्जाचं? नाही."

"सतरा वर्षं?"

"तिला वाटेल की हिला भीती वाटली तर ही उद्या मलाही घाण म्हणेल."

"वाटू दे की. वाटलं तर विचारेल. तू आहेस की सांगायला."

"आणि ती गेली तर?"

बाई थांबतात. वळतात. बांध एवढा अरुंद की आम्ही अगदी समोरासमोर येतो. त्यांच्या चष्म्यात ऊन आहे, त्यामुळे डोळे दिसत नाहीत.

"तुला एवढी पुस्तकं दिली मी," त्या म्हणतात. वैतागून, मायेनं, जशा उशीर केला की म्हणायच्या. "अजून तेच विचारतेस?"

माझा पाय घसरतो. बांधाची कड ओली आहे, मी पाण्याकडे कलते आणि त्या पटकन माझं मनगट पकडतात. पकड घट्ट आहे, हाडापर्यंत पोचणारी. "पडत नाहीस," त्या म्हणतात. "उठ. उठ आता."

मी उठते.

पंखा चालू आहे. चादर पायाशी गोळा झाली आहे. दारात जयमाला उभी आहे, अर्धा शिवलेला अभ्रा हातात.

"उठ म्हणत होतीस," ती म्हणते. "मोठ्यानं. मला वाटलं मलाच म्हणतेस."

मी डावा हात वर करून बघते. मनगटावर चार लाल वळ आहेत, एकाखाली एक, बोटांचे. आतल्या बाजूला, नाडीवर, पाचवा. ताजे आहेत. दुखतात.

जयमाला येऊन पलंगावर बसते. माझा हात उचलून उजेडाकडे धरते. मग स्वतःची बोटं त्या वळांवर ठेवून बघते. तिची बोटं लांब आहेत, बाहेर येतात. मी माझा उजवा हात पुढे करून त्या वळांवर ठेवते. बरोब्बर बसतात.

"स्वतःलाच धरून झोपली होतीस," ती म्हणते. "कोण होतं?"

मी चष्मा शोधते, सापडत नाही. तसंच सांगायला लागते. आधी शेंडगेबाई कोण ते. त्या काय विचारायच्या ते. मग गच्ची, कुरडया, काका, रेघांचा कागद. मी माझ्या सहीपर्यंत येते तेव्हा तिने माझं मनगट सोडलेलं नसतं. तिच्या अंगठ्याखाली तो नाडीवरचा वळ हळूहळू निवळत जाताना मला जाणवतो. तो पूर्ण जातो तेव्हा माझं बोलून संपलेलं असतं, आणि ती तिथेच बसलेली असते.